अरण्यातील पाहुणे

सुट्टीत अभयारण्य पाहून परतलेल्या कुटुंबास "काय पाहिलेत?" असे विचारावे, तर पुष्कळदा उत्तर येते, "काहीच नाही. वाघ दिसला नाही!" एवढा प्रवास, एवढा खर्च, आणि पदरात 'काहीच नाही'! वाचकहो, ही मंडळी अरण्यात जातात खरी, परंतु अपेक्षा मात्र प्राणिसंग्रहालयाची घेऊन जातात. पिंजऱ्यातील जनावर आपल्याकरिता ठेवलेले असते. अभयारण्यात आपण त्याच्या घरचे पाहुणे असतो. यजमानाने समोर आलेच पाहिजे, असा हट्ट पाहुण्याने धरावयाचा नसतो.

येत्या सुट्टीत दक्षिणेकडे जाण्याचा बेत असेल, तर केरळातील पेरियार अभयारण्य अवश्य पाहावे. मदुरईहून सुमारे १४० किलोमीटर अंतरावर, सह्याद्रीच्या माथ्याशी कुमळी हे गाव आहे. वेलदोडा आणि मिरी यांच्या सुगंधाने भरलेल्या त्याच्या बाजारातून पुढे गेले की थेक्कडी लागते. तेथील विस्तीर्ण जलाशय निसर्गनिर्मित नाही. पश्चिमेकडे वाहणाऱ्या पेरियार नदीचे पाणी पूर्वेकडील कोरड्या मुलखास मिळावे म्हणून १८९५ साली धरण पूर्ण झाले आणि अरण्यातील एक दरी पाण्याखाली गेली. बुडालेल्या वृक्षांचे काळवंडलेले बुंधे आजही पाण्यातून डोके वर काढून उभे आहेत आणि त्यांवर पाणकावळे पंख वाळवीत बसतात. १९३४ साली त्रावणकोर संस्थानाने या वनास संरक्षण दिले. १९५० साली त्याचे क्षेत्र वाढले आणि १९७८ साली ते व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले.

जलाशयावर नौकेतून फिरता येते. शक्यतो सकाळची पहिली फेरी धरावी. धुके विरू लागते, तसतसे काठावरचे गवत स्पष्ट होऊ लागते आणि मग कधी सांबर, कधी गव्यांचा कळप, तर उन्हाळ्यात पाण्यावर उतरलेली हत्तीण पिलासह दिसते. अशा वेळी उठून उभे राहण्याचा मोह आवरावा. ३० सप्टेंबर २००९ रोजी याच जलाशयात पर्यटकांची एक नौका उलटून ४५ जणांचा अंत झाला. नौकेतील दोषांची व गर्दीची पुढे पुष्कळ चर्चा झाली. प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूस लोटले, असेही तेव्हा सांगण्यात आले. म्हणून जीवरक्षक जाकीट घालण्यास कंटाळू नये आणि मुलांना आपल्या जागी स्वस्थ बसण्याची सवय घरूनच लावावी.

खरे अरण्य मात्र पायी चालल्यावाचून उमगत नाही. वनखात्याच्या परवानगीने वाटाड्यासह काही वाटांवर हिंडता येते. या वाटाड्यांपैकी काहींची हकीकत ऐकण्यासारखी आहे. दालचिनीच्या जातीच्या 'वयना' वृक्षाची साल चोरून विकणे, हाच एके काळी त्यांचा उदरनिर्वाह होता. १९९०नंतरच्या दशकात वनखात्याने त्यांच्याशी समेट केला आणि ज्या चोरवाटा त्यांना तोंडपाठ होत्या, त्यांवरच त्यांना राखणदार व मार्गदर्शक म्हणून नेमले. मोडलेली फांदी, ओली विष्ठा, चिखलातील ठसा यांचा अर्थ त्यांच्याइतका कोण सांगू शकेल? २००२ सालापासून परिसरातील स्त्रियांनीही 'वसंतसेना' या नावाने संघटित होऊन, मोबदला न घेता, वनात गस्त घालण्याचा उपक्रम चालविला. घरचा स्वयंपाक आटोपून या गृहिणी अरण्य राखावयास निघाल्या! कायद्याचा धाक आवश्यक आहेच; पण शेजाऱ्यांना ज्याची आपुलकी वाटते, तेच वन टिकते.

वाटाड्याने बोट दाखविले की वर पाहावे. पानांच्या छतातून एखादे तांबूस शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेते. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी येथेही सहज भेटतो आणि परमुलखात घरचे माणूस भेटल्याचा आनंद होतो. दूरवर पंखांचा घोंघावता आवाज झाला, तर तो केरळचा राज्यपक्षी धनेश असू शकेल. हे पाहावयास भारी दुर्बीण लागत नाही. थोडा संयम आणि बंद तोंड पुरते.

निघताना बरोबर मंद रंगाचे कपडे घ्यावेत, अत्तर व रेडिओ घरी ठेवावा, प्लॅस्टिकची एक चिंधीही मागे टाकू नये. मुलांच्या हाती एक वही द्यावी आणि दिसलेले, ऐकलेले, हुंगलेले सारे त्यांना टिपावयास सांगावे. मग परतल्यावर कोणी "काय पाहिलेत?" असे विचारले, तर उत्तर त्या वहीतून मुलेच देतील, आणि वाघाचे नाव त्यात नसले, तरी वहीची पाने कोरी राहिलेली नसतील.