रेघा मारलेला चेक

माझे थोरले बंधू चांदूर रेल्वेला शेती करतात. आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन ते नागपूरहून परतले, तेव्हा पिशवीत कॅपेसिटाबिनच्या गोळ्या होत्या. सुई नाही, सलाइन नाही. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत गोळ्या घ्यायच्या, १४ दिवस. मग ७ दिवस बंद. एवढा मोठा रोग आणि औषध तापाच्या गोळीसारखं! घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

गंमत अशी, की ही गोळी गिळताना खरं औषध नसतेच. आपल्या शरीरातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, तिला टप्प्याटप्प्याने औषध बनवतात. पहिलं काम यकृतात होतं. शेवटचं काम करणारं थायमिडिन फॉस्फोरिलेज हे विकर पुष्कळ गाठींमध्ये शेजारच्या निरोगी पेशींपेक्षा जास्त असतं. तिथे गोळीचं ५-फ्लुरोयुरॅसिल होतं. हे जुनंच औषध, अमेरिकेतल्या चार्ल्स हायडेलबर्गर यांनी १९५७ साली पुढे आणलेलं. पेशीत त्याचं आणखी एक रूप तयार होतं आणि ते थायमिडिलेट सिंथेज नावाच्या विकरात अडकून बसतं, कुलपात किल्ली तुटावी तसं. मग डीएनएसाठी लागणारं एक अक्षर मिळेनासं होतं आणि पेशीची वाढ खुंटते.

आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला यात चेकच दिसतो. सलाइनमधून दिलेलं ५-फ्लुरोयुरॅसिल म्हणजे बेअरर चेक, ज्याच्या हाती पडेल त्याचा. कॅपेसिटाबिन म्हणजे कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारलेला चेक. वाटेत कुणी वटवू नये, ठरलेल्या खात्यातच जमा व्हावा. अशा औषधांना प्रोड्रग म्हणतात. या गोळीला अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली. कल्पना सुंदरच आहे. पण रेघा मारलेला चेकही कधीकधी भलत्याच खात्यात जमा होतो, हे मी काउंटरमागे बसून पाहिलं आहे. ती विकरं निरोगी पेशींतही असतात. म्हणून तळहात-तळपाय जळजळतात, सोलतात, जुलाब लागतात.

दादांचे हात तिसऱ्या फेरीत लाल झाले. त्यांनी ते कुणाला दाखवलेच नाहीत. त्यात पुढच्या फेरीच्या गोळ्या आणून ठेवलेल्या. सुट्टीच्या ७ दिवसांतही त्यांनी त्या चालूच ठेवल्या. नंतर मी रागावलो तर म्हणाले, "औषध कायले थांबवाचं? फवारा चुकला तं अळी सोडते का पऱ्हाटीले?" जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं आणि त्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं. सुदैवाने ते सावरले. पुढे डॉक्टरांनी मात्रा कमी केली.

चूक दादांची, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या ७ दिवसांत आतड्याचं अस्तर आणि रक्त बनवणारी मज्जा सावरते, म्हणजे सुट्टी हाही उपचाराचाच भाग आहे, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? गोळ्यांबरोबरचा कागद इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. डॉक्टरांपुढची रांग मला दिसते, माझ्याही काउंटरपुढे पीककर्जाच्या दिवसांत रांग असे. तरी अंगठा उठवणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही कागद मराठीतून वाचून दाखवायचो आणि तशी नोंद त्याच कागदावर करायचो. थोड्या रकमेच्या कर्जाला जे जमतं, ते या गोळीला का जमू नये? काहींच्या शरीरात हे औषध मोडणारं विकर जन्मतःच कमी असतं. त्यांना नेहमीची मात्राही जिवावर बेतू शकते. युरोपच्या औषध नियामकांनी २०२० साली उपचाराआधी त्याची तपासणी करण्याची शिफारस केली. आपल्याकडे निदान हा प्रश्न रुग्णाने विचारावा एवढं तरी त्याला कळायला हवं. गोळी घरी आली, तसा निम्मा दवाखानाही घरी आला. मात्र नर्स तिकडेच राहिली.

आमच्याकडे ते काम आता वहिनी करतात. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात सुट्टीच्या सातही चौकटींवर तिरप्या रेघा ओढल्या आहेत. रोज रात्री त्या दादांचे तळवे दिव्याखाली धरून पाहतात. दादा कुरकुरतात, पण सकाळी जेवण झालं की डबीला हात लावण्याआधी स्वयंपाकघराकडे बघून विचारतात, "आज रेघ हाये का वं?"