गाण्याचंही पाकीट उलटून वाचावं



दुकानात बिस्किटाचा पुडा हातात घेतला की आपण आधी काय करतो? पुडा उलटा करतो. हिरवा ठिपका तर बघतोच, पण आपलं तेवढ्यावर भागत नाही. कांदा-लसणाची पावडर आहे का, जिलेटिन आहे का, हे बारीक अक्षर डोळे ताणून वाचतो. मुलं म्हणतात, "आई, चव मस्त आहे गं!" आपण म्हणतो, "चवीचं नंतर, आधी आत काय आहे ते बघू दे."

गाण्याच्या बाबतीत मात्र आपला हा नियम कुठे जातो कोण जाणे. ठेका आवडला, पाय थिरकले, की गाणं थेट घरात. कुणी शब्दांबद्दल बोललंच तर ठरलेलं उत्तर येतं, "शब्दांकडे कोण लक्ष देतं? चाल छान आहे ना, झालं तर!"

मला हे उत्तर पटत नाही. शब्दांकडे आपण लक्ष दिलं नाही तरी शब्द आपल्याकडे लक्ष ठेवून असतात. पोळ्या लाटताना आपण सहज गुणगुणतो, तेव्हा नुसती चाल ओठांवर येते का? नाही. सकाळी कुणाच्या तरी मोबाइलवर वाजलेल्या गाण्याची ओळ शब्दांसकट येते आणि दुपारपर्यंत सुटत नाही. सनई किंवा बासरी ऐकताना शब्द नसतात, तिथे सूर एकटाच असतो आणि त्याचा आनंद निर्मळ असतो. पण एकदा का चालीला शब्द चिकटले, की दोघांना वेगळं काढता येत नाही. चाल आठवली की शब्द येतात, आणि शब्द आले की त्यांचं चित्रही येतं.

आपल्या धर्मात तर याचा हिशोब फार बारीक आहे. कर्म मनाने, वचनाने आणि कायेने घडतं. आणि ते स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्याने केल्यावर 'वा वा' म्हटलेलं, अशा तिन्ही प्रकारांनी आपल्या खात्यावर जमा होतं. कृत, कारित, अनुमोदना. आता लग्नातल्या संगीताचा कार्यक्रम डोळ्यांपुढे आणा. गाणं म्हणणं हे वचन, त्यावर नाचणं ही काया, मुलींना ते गाणं बसवून देणं हे कारित आणि खुर्चीत बसून टाळ्या वाजवणं ही अनुमोदना. 'मी कुठे नाचले' असं म्हणून सुटका नाही.

एक उदाहरण देते. 2012 मध्ये आलेल्या 'दबंग 2' या चित्रपटातल्या एका प्रसिद्ध गाण्यात नाचणारी बाई स्वतःला तंदुरी कोंबडी म्हणवून घेते आणि मला दारूबरोबर गिळून टाक, असं सुचवते. अशी गाणी आपल्याही लग्नांत वाजतात. खाली जेवणात बटाटासुद्धा नाही, सूर्यास्ताच्या आत पंगत उठवायची म्हणून आचाऱ्याच्या मागे घाई चाललेली आहे, आणि वर स्टेजवर आठ-दहा वर्षांच्या मुली मांस आणि मद्याच्या गाण्यावर कंबर हलवत आहेत. पंगतीत एका वाटीत चुकून कांदा आला असता तर केवढा गहजब झाला असता! आणि हा प्रश्न फक्त अभक्ष्याचाही नाही. बाईने स्वतःला खाण्याची वस्तू म्हणावं आणि आपल्या मुलींनी ते हसत हसत पाठ करावं, हे आपल्याला चालतं का? मुलींना अर्थ कळत नाही म्हणून सोडून द्यायचं, तर मग णमोकार मंत्र तरी आपण त्यांना दोन वर्षांच्या असताना का शिकवतो? तेव्हा आपण म्हणतो की अर्थ कळला नाही तरी संस्कार होतो. मग तो दोन्हीकडून होतो.

मराठीत 'राग' म्हणजे संताप. गाण्यात 'राग' म्हणजे स्वरांची बांधणी. आणि शास्त्रात 'राग' म्हणजे आसक्ती, जी जिंकली म्हणून भगवंत वीतराग. स्वरांचा राग आपल्याला कुठल्या रागाकडे नेणार, हे बऱ्याच अंशी शब्द ठरवतात.

म्हणूनच भजनांना सिनेमाच्या चाली लावण्याबद्दलही थोडं बोलायला हवं. दशलक्षण पर्वात, जन्मकल्याणकाच्या पाळण्याच्या वेळी आपली भजनी मंडळं हौसेने नवी भजनं बसवतात. तयार चाल असली की सगळ्यांना पटकन येते, पाठशाळेतली मुलंही लगेच सुरात सूर मिळवतात. ही सोय मला कळते, आणि चालच मुळी वाईट असं मी म्हणणार नाही. पण माझी एक कसोटी आहे. भजन म्हणताना जर जुनं गाणं मध्येच आठवत असेल, तर ती चाल बदलावी. तोंडाने त्रिशलामातेच्या बाळाचं नाव आणि मनात पावसात भिजणारी नायिका, असं होत असेल तर ती पूजा कुणाची झाली? जुनं गाणं कुणालाच ठाऊक नसेल, किंवा त्या चालीचा मूळ भावच शांत असेल, तर खुशाल म्हणावं.

आता या विषयाची गोड बाजू. शब्द कळले की तेच गाणं किती मोठं होतं, याचा अनुभव घ्यायचा असेल तर दूर जायला नको. आपल्याकडे भक्तामर घराघरांत म्हणतात. आचार्य मानतुंगांचे 48 श्लोक, सगळे वसंततिलका वृत्तात, प्रत्येक चरणात 14 अक्षरं. त्या वृत्ताची लयच अशी आहे की अर्थ न कळताही मन शांत होतं. पण अर्थ लावून बघा. तिसऱ्या श्लोकात आचार्य म्हणतात की माझं हे धाडस म्हणजे पाण्यात पडलेला चंद्र धरायला जाणाऱ्या लहान मुलासारखं आहे. पाचव्यात एक हरिणी आहे, जी पाडसाच्या मायेने आपलं बळ न बघता सिंहाच्या समोर उभी राहते. सहाव्यात कोकिळा आहे. ती गाते ती आंब्याच्या मोहरामुळे. आठव्यात कमळाच्या पानावरचा पाण्याचा थेंब मोत्यासारखा चमकतो. आणि बाविसावा तर आपला, बायकांचा श्लोक. शेकडो स्त्रिया शेकडो पुत्रांना जन्म देतात, पण तुझ्यासारख्या पुत्राला दुसऱ्या कुठल्या मातेने जन्म दिला नाही. तारे सगळ्याच दिशांना असतात, तेजस्वी सूर्य मात्र पूर्व दिशाच जन्माला घालते. मरुदेवी मातेचा केवढा हा गौरव! हे एकदा कळलं की तो श्लोक पुन्हा पूर्वीसारखा घाईत म्हणताच येत नाही. बाविसावा आला की आवाज आपोआप हळू होतो.

'मेरी भावना'चंही तसंच. जुगलकिशोर मुख्तारांनी 1916 साली लिहिलेली अकरा कडव्यांची ही रचना. चाल म्हणाल तर अगदी साधी, एका दमात म्हणता येईल अशी. पण शंभर वर्षं उलटून गेली तरी ती पाठशाळेतून हलली नाही, कारण तिचे शब्द सोपे आहेत आणि रोजच्या जगण्यात उपयोगी पडतात. घरात वादावादी झाली की त्यातलं एखादं कडवं नेमकं आठवतं. नुसत्या ठेक्यावर जगणारी गाणी पुढच्या लग्नसराईपर्यंत जुनी होतात.

काही जणी म्हणतील, "आमच्या आजीला कुठे अर्थ येत होता? तरी ती रोज म्हणायचीच, आणि तिची श्रद्धा तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त होती." हे खरं आहे, आणि त्या आजींना मी हातच जोडीन. पण त्यांच्याकडे शब्दार्थ नसेल, भाव होता. कल्याणमंदिर स्तोत्राच्या अडतिसाव्या श्लोकात हेच सांगितलं आहे: तुला ऐकलं, पुजलं, पाहिलंही, पण भक्तीने मनात धरलं नाही, म्हणून दुःख भोगतो आहे, भावाशिवाय केलेल्या क्रियांना फळ येत नाही. आपला भाव दिवसभर मोबाइल आणि घड्याळ यांच्यात विखुरलेला असतो. त्याला गोळा करायला अर्थाचा आधार लागतो.

आणि आपली परंपरा काय सांगते? महावीर भगवंतांना केवलज्ञान झालं, समवसरण रचलं गेलं, तरी 66 दिवस दिव्यध्वनी खिरली नाही. ती झेलणारा गणधर नव्हता. इंद्रभूती गौतम आले आणि राजगृहीच्या विपुलाचलावर वाणी प्रकट झाली. गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आपण वीरशासन जयंती साजरी करतो ती त्याचीच. साक्षात भगवंतांची वाणीसुद्धा समजून घेणाऱ्यासाठी थांबली, तर आपण आपल्या भजनाला दोन मिनिटं का थांबू नये?

म्हणून दोन साध्या गोष्टी सुचवते. भजनी मंडळात दर वेळी एका तरी भजनाचा किंवा श्लोकाचा अर्थ कुणी दोन मिनिटांत मराठीतून सांगावा. तरुण सुनांवर ते काम सोपवा, त्या मोबाइलवर शोधून फार छान सांगतात. आणि घरात लग्न ठरलं की संगीताच्या गाण्यांची यादी मुलींबरोबर बसून एकदा मोठ्याने वाचा. गायची नाही, नुसती वाचायची. चालीशिवाय शब्द वाचले की कुठलं गाणं ठेवायचं आणि कुठलं काढायचं हे मुली स्वतःच सांगतील, आपल्याला रागवावं लागणार नाही.

तुमच्या मंडळात अर्थ सांगण्याची पद्धत असेल तर ती कशी आहे, मला नक्की कळवा.

जय जिनेंद्र!