प्रवेशपत्र आलं, तारण कुठलं?
गोव्यात पेडण्यातल्या केरीच्या पोराला जर्मनीतल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं की आनंद करायला घरच्यांना एक संध्याकाळ मिळते. दुसऱ्या दिवसापासून कागदांची धावपळ. शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचं. शिवाय ब्लॉक्ड खात्यात वर्षाचे 11,904 युरो आधीच भरायचे, तिथं पोचल्यावर महिन्याला 992 हातात. ब्रिटनला जायचं तर फी आणि राहण्याच्या खर्चाची रक्कम सलग 28 दिवस खात्यात असायला हवी. पूर्वी पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोव्यातल्या पोरांना तिथं सरळ जाता यायचं, 2021 पासून नव्याने जाणाऱ्या त्या पोरांनाही व्हिसा लागतो. कर्ज काढावं तर साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका सहसा तारण मागतात, आणि खरी अडचण इथंच आहे. पेडण्यात कितीतरी घरं मुंडकारांची, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्यांची. 1975 च्या कायद्याने त्यांना संरक्षण दिलं, राहतं घर विकत घेण्याचा हक्कही दिला. पण मामलेदाराकडे प्रकरण पडून असेल तर जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव भाटकाराचंच. घर आजोबांनी बांधलेलं, काजूच्या पैशांतून कौलं बदललेली, तरी बँकेला ते तारण चालत नाही. मग एजंट खात्यात ‘दाखवायला’ पैसे देतो, वर व्याज. त्या वाटेला जाऊ नका. खोटेपणा सापडला तर पुढचे अर्जही अडकतात. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाची चौकशी आधी करा. आणि ज्या घरात प्रवेशपत्र आलंय, तिथली मुंडकार प्रकरणं मामलेदारांनी सत्र सुरू होण्याआधी निकाली काढावीत, ही मागणी ग्रामसभेत लावून धरा.