खाकीतली जोडगोळी

करमणुकीच्या चित्रपटांविषयी पुरोगामी चळवळीत साधारणतः दोनच भूमिका आढळतात. एक तर भांडवली बाजाराची भूल म्हणून त्यांना झटकून टाकावयाचे, नाही तर लोकांना आवडतात ना, मग आपण कशाला बोला, असे म्हणून गप्प बसावयाचे. दोन पोलिसांची हाणामारी आणि थट्टामस्करी यांवर बेतलेले जे चित्रपट १९८० नंतरच्या दहा वर्षांत गाजले, त्यांच्या बाबतीत या दोन्ही भूमिका अपुऱ्या ठरतात. ज्या पोलिसाच्या काठीची सामान्य माणसाला धास्ती वाटते, त्याच पोलिसाच्या जोडीवर तो पोट धरधरून हसतो, हे कोडे आधी सोडविले पाहिजे.

अमेरिकेत ‘लीथल वेपन’ १९८७ साली आला. त्याच वर्षी महेश कोठारे यांचा ‘दे दणादण’ मराठीत झळकला आणि कोठारे व लक्ष्मीकांत बेर्डे ही जोडी पोलिसांच्या वेशात गावोगाव पोचली. यावरून मराठी चित्रपट परदेशी साच्यातून निघाला, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा होय. ‘दे दणादण’मधल्या शिपायाला मारुतीच्या कृपेने मिळणाऱ्या अचाट शक्तीवर ‘सुपरमॅन’ची छाया आहे, हे खरे, पण जोडी मात्र आपल्याच मातीतली आहे. १९७५ सालच्या ‘पांडू हवालदार’मध्ये दादा कोंडके आणि अशोक सराफ यांनी भोळा पांडू आणि हात ओले करून घेणारा सखाराम उभे केले, तेव्हा अमेरिकेतली ती लाट यायचीच होती.

त्याच्याही मागे जायचे तर सांगलीजवळच्या कवलापूरला जावे लागते. तेथल्या खाडे घराण्यातील लहू आणि अंकुश या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’ या वगात दोन हवालदार रंगविले आणि त्या पात्रांची काळू-बाळू ही नावेच त्यांना जन्मभर चिकटली. मूळ नावे मागे पडली, फडही त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. सातारा-सांगलीच्या यात्रांतून कनातीत बसून ज्यांनी काळू-बाळू पाहिले, त्यांना पडद्यावरची पोलिसांची जोडी नवखी वाटण्याचे कारणच नव्हते. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’तील हवालदारही याच कुळीतला, कोतवालाची जागा रिकामी होते, वशिल्याचा माणूस तिच्यावर बसतो आणि हवालदार आहे तेथेच राहतो. सेवा दलाच्या संस्कारात वाढलेल्या दादा कोंडके यांनी ही भूमिका गाजवावी, यात नवल नाही.

आता प्रश्न असा की, या भागातल्या प्रेक्षकाला हवालदारच का हवा? याचे एक कारण इतिहासात आहे. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत, क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार होते. गावेच्या गावे स्वतःचा न्यायनिवाडा करीत होती आणि सरकारी पोलिसाचा दरारा ओसरला होता. खाकी वर्दीला पाहून हसता येते, हे ज्या मुलखाने एकदा अनुभवले, तो मुलूख ते सहजी विसरत नाही. दुसरे कारण आर्थिक असून ते अधिक महत्त्वाचे आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरडवाहू तालुक्यांत शेतावर घर चालत नाही. मग एक मुलगा मुंबईच्या गिरणीत, एक फौजेत आणि एक पोलिसांत, अशी घराची वाटणी होते. मोर्चा अडविणारा शिपाई आणि मोर्च्यातला कामगार अनेकदा एकाच गावचे असतात. म्हणूनच पांडूला हसणारा प्रेक्षक परक्याला हसत नसतो. पुढे ‘पांडू’ हे शिपायाचे टोपणनावच झाले. त्यात टवाळी आहे, तशी थोडी आपुलकीही आहे.

जोडीचे मर्म येथेच आहे. ‘अर्धसत्य’ (१९८३) हा तेंडुलकरांच्या पटकथेवरचा चित्रपट निःसंशय मोठा. पण त्यातला फौजदार एकटा आहे, आणि त्याचा कोंडमारा अखेर हिंसेत फुटतो. दोघे असले की एक दुसऱ्याला विचारू शकतो, चुकवू शकतो, साहेबाची नक्कल करून दाखवू शकतो. सखाराम हप्ता घेतो, तो कशासाठी हे त्याच्या पगाराकडे पाहिले की कळते, आणि पांडू शेजारी असल्यामुळे ते लपतही नाही. अमेरिकन जोडीत एक गोरा आणि एक काळा असतो, म्हणजे त्या समाजातली मुख्य भेग निदान पडद्यावर दिसते. आपल्या जोडीत मात्र जातीचा उल्लेख कोठेही येत नाही. ज्या तमाशाने ही जोडी दिली, तो दलित कलावंतांनी जगविला, हे ध्यानात घेतले म्हणजे हे मौन अधिकच खटकते.

पडद्यावर हे हसू चालू असताना प्रत्यक्षातला हवालदार काय करीत होता? १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी १८ ऑगस्टला मुंबईतील पोलीस शिपायांच्या संघटनेचे पुढारी पहाटे पकडले गेले आणि शिपाई रस्त्यावर उतरले. गिरणी कामगार त्यांना येऊन मिळाले. सरकारने लष्कर बोलाविले, संघटनेची मान्यता काढून घेतली, अनेकांना बडतर्फ केले. गावाकडच्या घरातले दोन भाऊ रस्त्यावर एका बाजूला उभे राहिल्याचा तो दुर्मीळ दिवस होता. त्यावर एकही विनोदी चित्रपट निघाला नाही. कोठारे-बेर्डे यांच्या शिपायाला बळ मिळाले ते मारुतीकडून. संघटनेकडून ते मिळण्याची वाट पाच वर्षांपूर्वीच बंद झालेली होती.

पुढे नायकच बदलला. २०११ च्या हिंदी ‘सिंघम’पासून पडद्यावर अधिकारी आला. तो कोणाशी बोलत नाही, गरजतो. त्याला जोडीदार लागत नाही आणि न्यायालयही लागत नाही. प्रेक्षक टाळ्या वाजवितात. २०१७ च्या नोव्हेंबरात सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला, आणि त्याचे प्रेत आंबोली घाटात नेऊन जाळल्याचा आरोप पोलिसांवरच आला. त्यांत उपनिरीक्षक होता, तसे शिपाईही होते. सांगलीकर तेव्हा मोठ्या संख्येने रस्त्यावर आले. पडद्यावर ज्या मारहाणीला टाळी पडते, ती आपल्या गल्लीत आली म्हणजे काय असते, हे त्या शहराला वेगळे सांगावे लागले नाही. अर्थात, हवालदारांच्या जोडीवर हसण्याने कोठडी सुरक्षित होते असे नाही. पण साहेबाच्या हुकमाची खिल्ली उडविणारा शिपाई आणि तो हुकूम निमूटपणे पाळणारा शिपाई यांत पहिला अधिक बरा, इतके तरी म्हणता येईल.

२०२१ साली ‘पांडू’ या चित्रपटातून भाऊ कदम व कुशल बद्रिके यांनी दोन हवालदार पुन्हा आणले. म्हणजे प्रेक्षकाची ओढ अजून आटलेली नाही. खऱ्या हवालदाराला मात्र १९६६ च्या केंद्रीय कायद्यामुळे सरकारच्या परवानगीवाचून संघटना करता येत नाही. २०१६ साली मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तोही एका शिपायाने तशी आखणी वरिष्ठांपुढे मांडली म्हणून. गिरणी कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या आठ तासांसाठी झगडा केला, ते मिळविण्यासाठी शिपायाला अर्जाखेरीज दुसरे साधन नाही, आणि त्या अर्जावर सही करणारा जोडीदार त्याला कायद्याने बाळगता येत नाही.