नाण्याचे छिद्र बुजवावे काय?

इंग्रजी भाषेचे थोर कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांच्या गळ्यात जन्मभर एक छिद्र पाडलेली सोन्याची चकती होती. लहानपणी त्यांना गंडमाळेचा विकार जडला. राजाच्या हस्तस्पर्शाने हा विकार बरा होतो, अशी त्या काळी इंग्लंडात श्रद्धा होती. म्हणून १७१२ साली अडीच वर्षांच्या या मुलाला आईने लंडनला नेऊन राणी ॲनपुढे उभे केले. विधी झाल्यावर रुग्णाच्या गळ्यात फितीने अशी चकती अडकवली जाई. जॉन्सनना गुण आला नाही. चकती मात्र राहिली. आज ती ब्रिटिश म्युझियमच्या संग्रही आहे, आणि तिचे छिद्र बुजवावे असे तेथे कोणाच्या मनातही येणार नाही.

या कामासाठी स्वतंत्र चकत्या पुढे पाडल्या जाऊ लागल्या. त्यापूर्वी 'एंजल' नावाचे चलनातले सोन्याचे नाणेच वापरीत. चौथ्या एडवर्डच्या कारकिर्दीत, १४६५ मध्ये, निघालेल्या या नाण्यावर ड्रॅगनचा वध करणारा देवदूत मायकेल असे. आज हाती येणाऱ्या एंजल नाण्यांपैकी कित्येकांना छिद्र असते, त्याचे एक कारण हा स्पर्शविधी होय. एकट्या दुसऱ्या चार्ल्सने आपल्या कारकिर्दीत नव्वद हजारांहून अधिक रुग्णांना स्पर्श केल्याची नोंद आहे. म्हणजे ज्या छिद्रातून एका समाजाची राजाविषयीची श्रद्धा, रोगाविषयीची भीती आणि वैद्यकाची असहायता दिसते, ते छिद्र संग्राहकाच्या लेखी दोष ठरते. आणि दोष म्हटला की बट्टा आलाच.

हा बट्टा टाळण्यासाठीच जुन्या नाण्यांच्या दुरुस्तीचा एक सफाईदार व्यवसाय उभा राहिला आहे. छिद्रात त्याच कसाच्या सोन्याचा किंवा चांदीचा तुकडा बसवून तो झाळतात, वर कानस फिरवतात आणि तुटलेली अक्षरे व राजाच्या केसांच्या बटा कोरणीने पुन्हा कोरतात. दागिन्यात बसवलेल्या सॉव्हरिनची कडी काढून काठावरचे दाते नव्याने पाडतात. १७९७ साली बर्मिंगहॅमजवळच्या सोहो कारखान्यात मॅथ्यू बोल्टनने पाडलेला दोन पेन्सचा तांब्याचा नाणेराज पुरता दोन औंसांचा. तो पडला की काठाला पोचा येणारच. तो पोचा ठोकून सरळ करणारेही आहेत. शेवटी रसायनांचा हात फिरवून धातूवर जुनाट काळसर छटा आणली की काम पुरे झाले. नाण्यांच्या प्रतवारीत एक पायरी वर चढताच किंमत कित्येक पटींनी वाढते, तेव्हा हा व्यवसाय का चालतो हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

येथे एक भेद आरंभीच केला पाहिजे. नाणे जपणे निराळे आणि नाणे दुरुस्त करणे निराळे. तांब्याच्या पेनीवर हिरवा कळंक चढत असेल आणि तो धातू पोखरत असेल, तर तज्ज्ञाकडून तो थांबवणे हे संग्राहकाचे कर्तव्यच आहे. रोग्याला औषध देण्यासारखे ते कृत्य आहे. याउलट, निरोगी नाण्याला चकाकी आणण्याच्या हौसेपायी जेवढे नुकसान होते तेवढे गेल्या कित्येक पिढ्यांच्या हाताळण्याने झाले नसेल. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी राणीछाप रुपये चिंच आणि रांगोळी लावून घासण्याची जी चाल आहे, ती भक्तीच्या दृष्टीने कितीही निर्दोष असली तरी दर वर्षी व्हिक्टोरिया राणीचा चेहरा थोडा थोडा पुसत असते. पण त्यात लपवाछपवी नाही. घासलेला रुपया घासलेला दिसतो. प्रश्न आहे तो न दिसणाऱ्या बदलाचा.

दोष कशाला म्हणावे, याचा विचार या व्यवसायात सहसा होत नाही. मध्ययुगीन इंग्लंडात चांदीची पेनी हेच मुख्य नाणे होते. सुटे हवे असले की पेनी मधोमध कापून अर्धी आणि चौथाई वापरीत. १२७९ नंतर पहिल्या एडवर्डने अर्ध्या पेनीची आणि फार्दिंगची गोल नाणी नियमितपणे काढली, तेव्हा ही पद्धत मागे पडली. अशी कापलेली अर्धी पेनी ही मोडकी वस्तू नव्हे; ती पुरे अर्धे नाणे आहे. तिला दुसरा अर्धा भाग जोडून कोणी 'पूर्ण' केली तर एक खरे नाणे नाहीसे होऊन एक खोटे नाणे जन्माला येते.

कातरलेल्या नाण्यांची कथा तर याहून बोधप्रद आहे. हातोड्याने पाडलेल्या नाण्यांचा काठ ओबडधोबड असे. त्यातून थोडी चांदी कातरून घ्यावी आणि नाणे दर्शनी किमतीला पुढे सरकवावे, हा उद्योग शतकानुशतके चालला. तिसऱ्या हेन्रीने १२४७ मध्ये पेनीवरचा क्रूस काठापर्यंत लांबवला, तो कातरणे चटकन नजरेस यावे म्हणून. कातरणाऱ्याला राजद्रोहाची शिक्षा असूनही लोभ सुटला नाही. १६९५ च्या सुमारास चलनातल्या जुन्या चांदीच्या नाण्यांचे वजन मूळच्या जवळजवळ निम्म्यावर आले होते. कोषागाराचे सचिव विल्यम लाउंड्स यांचे म्हणणे, वास्तव मान्य करून नव्या शिलिंगातली चांदीच कमी करावी. तत्त्वज्ञ जॉन लॉक यांचे म्हणणे, राज्याने दिलेले माप राज्याने मोडू नये. लॉक यांचा पक्ष जिंकला. १६९६ मध्ये जुनी नाणी गोळा करून वितळवण्यात आली आणि पुऱ्या वजनाची नवी पाडली गेली. त्याच वर्षी आयझॅक न्यूटन टाकसाळीत अधिकारी म्हणून रुजू झाले. तूट भरून काढण्यासाठी घरांच्या खिडक्यांवर कर बसला, तो १८५१ पर्यंत चालला. कातरलेली नाणी सरकारात भरण्यास मुदत होती. कर भरणाऱ्या सधनांना ती मुदत गाठता आली. ज्यांच्या गाठीला चार-दोन शिलिंगे होती आणि ज्यांना सरकारात भरण्यासारखे काही नव्हते, त्यांच्या पदरी चांदीच्या भावाने नुकसान आले.

एलिझाबेथ राणीचा कातरलेला शिलिंग हातात घेतला की हा सारा इतिहास त्याच्या काठावर वाचता येतो. चलनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातली निकृष्ट नाण्याने उत्कृष्ट नाणे हुसकावल्याची गोष्ट तेथे बोटाला लागते. या शिलिंगाचा काठ 'सुधारणे' म्हणजे दप्तरातला कागद फाडण्यासारखेच आहे.

मग नाण्यात कोणताच बदल क्षम्य नाही काय? तसेही म्हणता येत नाही. १७९७ साली चांदीच्या टंचाईमुळे बँक ऑफ इंग्लंडने आपल्याजवळच्या स्पॅनिश डॉलरांवर तिसऱ्या जॉर्जचा इवलासा मुखवटा ठोकून ते चार शिलिंग नऊ पेन्सांना चलनात आणले. लोकांनी तो ठसा बनावट करून स्वतःच ठोकायला सुरुवात केली, तेव्हा १८०४ मध्ये बोल्टनच्या यंत्रावर संपूर्ण डॉलरच नव्याने छापण्यात आले. त्यांतल्या कित्येकांवर स्पेनच्या राजाच्या नाकाडोळ्यांच्या खुणा खालून डोकावतात. हा बदल नव्हे तर काय? परंतु तो ज्यांनी केला त्यांनी राजरोस केला आणि त्याची खूण मागे ठेवली. आजचा कारागीर खूण राहू न देण्याचेच पैसे घेतो.

दुरुस्तीच्या समर्थकांचा युक्तिवाद असा, की जुनी तैलचित्रे दुरुस्त होतात, पडके चर्च पुन्हा उभे राहते, मग बिचाऱ्या नाण्यानेच काय पाप केले? शिवाय नाणे ज्याच्या मालकीचे, त्याला त्याचे हवे ते करण्याची मुभा असावी आणि विकताना दुरुस्ती सांगितली म्हणजे झाले. युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. त्यातले अखेरचे वाक्य मात्र तपासले पाहिजे. मोठ्या चित्रावरच्या प्रत्येक कामाची नोंद संग्रहालयाच्या कागदपत्रांत राहते आणि चित्र त्या कागदपत्रांसह वावरते. नाण्याला असे दप्तर नसते. आजचा विक्रेता प्रामाणिक असेल. पाकिटावर 'छिद्र बुजवलेले' असे स्वच्छ लिहील. विकत घेणारा शिक्षक किंवा कारकून तेही जपून ठेवील. पुढे तो वारतो, मुले संग्रह घाऊक विकतात, पाकीट फाटते, आणि तिसऱ्या व्यवहारात तेच नाणे निर्दोष म्हणून उभे राहते. खुलासा एका सौद्यापुरता टिकतो, नाणे पाचशे वर्षे टिकते. एवढ्या विषम आयुष्यांची जोडी जमणे कठीण.

आणि याचा भुर्दंड केवळ फसलेल्या गिऱ्हाइकालाच पडतो असे नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे विश्लेषण केले. पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकात ते सहभागी झाले. त्यांचा मुद्दा साधा होता: मालातला दोष विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असला, की ग्राहक सगळ्याच मालाला कमी किंमत देऊ लागतो, मग चांगला माल असणारे बाजारातून निघून जातात आणि बाजार भंगाराच्या हाती पडतो. बेमालूम बुजवलेले प्रत्येक छिद्र न बुजवलेल्या प्रत्येक नाण्याची पत थोडी कमी करते. महिनाअखेरच्या शिलकेतून एखादा शिलिंग घेणाऱ्या लहान संग्राहकाला पारख करवून घेण्याचा खर्च परवडत नाही, म्हणून तो आधी बाहेर पडतो.

सर्व दुरुस्त्या सारख्या गंभीर नाहीत, हेही खरे. छिद्रात बसवलेला सपाट, कोरा तुकडा निदान आपण तुकडा आहोत हे कबूल करतो. कोरणीने केलेले काम अधिक वाईट. एलिझाबेथच्या नाण्यांवर घंटा, हात, किल्ली, जहाजाचा नांगर अशी चिन्हे असत. टाकसाळीच्या मालाची कसोटी घेण्याच्या एकेका मुदतीला एकेक चिन्ह असल्याने, वर्ष नसलेल्या नाण्याचाही काळ ठरतो. झिजलेले चिन्ह अंदाजाने पुन्हा कोरणारा माणूस सौंदर्य वाढवत नाही. तो साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालतो. ते नाणे मोजून उद्याचा अभ्यासक जो निष्कर्ष काढील, तो कारागिराचा निष्कर्ष असेल.

तेव्हा निदान इतके तरी व्हावे. दुरुस्ती करायचीच असेल तर ती पुन्हा काढता येण्याजोगी असावी आणि भिंगाखाली ओळखू यावी; झाळकाम आणि कोरकाम या दोन्ही कसोट्यांवर नापास होते. लिलावाच्या सूचीत नाण्याच्या दोन्ही बाजूंच्या छायाचित्रांबरोबर काठाचेही छायाचित्र आणि ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन द्यावे. बहुतेक कारागिरी काठावर आणि तराजूत उघडी पडते. कल्हई लावलेल्या भांड्याला कोणी फसवणूक म्हणत नाही, कारण आत पितळ आहे हे घरातल्या पोरालाही ठाऊक असते.

हा विषय मराठी घरांना अगदीच परका नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत रॉयल मिंटची शाखा उघडली आणि १९१८ या एकाच सालचे पाचव्या जॉर्जचे सॉव्हरिन तेथे पाडले गेले. वर्षाच्या आकड्यावर, जमिनीच्या रेषेत, इंग्रजी 'आय' हे बारीक अक्षर असते, ती त्यांची ओळख. लग्नकार्यात अशा गिन्न्यांना कडी लावून त्या गळ्यात घातल्या गेल्या. आता नातवाला त्या विकायच्या असतात आणि सराफकट्ट्यावर कोणीतरी सांगतो, कडी काढून देतो, समजणारही नाही. त्याला नको म्हणावे. मुंबईचे ते सॉव्हरिन बारा लाख पंचाण्णव हजारांवर पाडले गेले. ज्याला बिनकडीचे हवे असेल त्याला तसे मिळेल. आजीच्या गळ्यातले मात्र ते एकच होते.