जिथे नळी, तिथे रेघ

तुमच्या मोटरहोमवरील लेखात लाकडी सांगाडा जुनाट आणि ॲल्युमिनियमचा उत्तम, असा निवाडा दिला आहे. तो अर्धाच खरा. ॲल्युमिनियम कुजत नाही, पण पाइनच्या लाकडाच्या हजारपटीहून अधिक उष्णता वाहून नेते. भिंतीत फोम कितीही भरा, सांगाड्याच्या नळ्यांवाटे ऊब निसटतेच. मिनेसोटात जानेवारीत भाड्याने घेतलेल्या एका आलिशान गाडीत सकाळी आतल्या भिंतीवर दवाच्या उभ्या रेघा दिसल्या. जिथे नळी, तिथे रेघ. लाकडाचा वैरी पाणी, हे मान्य; छताचा सांधा गळला की लाकूड आतून कुजते आणि कळते उशिरा. लेखात फोमची जाडी दिली आहे. नळी आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये उष्णतारोधक पट्टी असते का, याबद्दल मात्र अवाक्षर नाही.
– एक वाचक, मिनियापोलिस