रात्री दीडचा उंचवटा

नोंदी ठेवण्याची हौस आमच्या घराण्यात जुनीच आहे. आईच्या खोलीत दारामागे कालनिर्णय टांगलेले असते. त्याच्या चौकोनांत दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, मोलकरणीच्या सुट्ट्या हे सारे पेन्सिलीने टिपलेले असते. महिनाअखेरीस गवळ्याची काय बिशाद की एक दिवस जास्त लावील! मीही अठरा वर्षे कॉलेजात हजेरी मांडीत आलो आहे. तेव्हा बारावीच्या परीक्षेतून मोकळे झालेल्या आमच्या चिरंजीवांनी ‘आपण घरातल्या तापमानाची नोंद ठेवू’ असे जाहीर केले, तेव्हा मला त्यात रक्ताचाच गुण दिसला.

सौ. मात्र म्हणाली, “अहो, वरोऱ्यात मे महिन्यात उकडतं हे कळायला यंत्र कशाला हवं?”

प्रश्न रास्त होता. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही आमच्या जिल्ह्यातली नावे उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तप्त गावांच्या यादीत हटकून येतात. वरोरा त्यांचाच शेजारी. पण चिरंजीवांनी ऐकले नाही. त्यांनी नागपूरहून चार सेन्सर आणले. मराठीचा प्राध्यापक या नात्याने मी ‘संवेदक’ हा शब्द सुचवून पाहिला. “सेन्सरच म्हणा बाबा, म्हणजे दुकानदाराला कळतं,” असे उत्तर मिळाले.

हा सेन्सर म्हणजे काड्याच्या पेटीपेक्षाही लहान, जाळीदार पांढरी डबी. ती हवेचे तापमान आणि दमटपणा मोजते. तिला जोडलेली चिप ते आकडे घरातल्या वायफायवरून रास्पबेरी पाय नावाच्या, तळहातावर मावणाऱ्या संगणकाकडे धाडते. त्यात होम असिस्टंट नावाची फुकट मिळणारी प्रणाली बसवलेली असते. ती आकडे साठवते आणि त्यांचा आलेख काढते. एक डबी बैठकीत, एक स्वयंपाकघरात, एक व्हरांड्यात सावलीला आणि एक वरच्या मजल्यावर आईच्या खोलीत लागली.

पहिल्याच दिवशी आमची बैठक स्वयंपाकघराहून तप्त निघाली. चौकशीअंती कळले की डबी टीव्हीच्या पाठीमागे चिकटवली होती! मी हसलो, पण मोठमोठ्यांनाही ही काळजी घ्यावी लागली आहे. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ सालची. आपले केरोपंत छत्रे तरुणपणी तिथेच नोकरीला होते. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेत. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची ट्रामचीच नोंद करीत बसली असती. म्हणून ते वेध १९०४ साली अलिबागला हलवण्यात आले. यंत्र खोटे बोलत नाही; मात्र ते जिथे ठेवाल तिथलेच बोलते. आमची डबी समोरच्या भिंतीवर गेली.

दुसरा प्रश्न साठवणीचा. दर मिनिटाला चार डब्यांचे दोन-दोन आकडे, म्हणजे दिवसाला ११,५२० आणि वर्षाला ४२ लाखांच्या वर! सतत लिहून लिहून संगणकातले मेमरी कार्ड झिजते, असे चिरंजीव म्हणाले. म्हणून ही प्रणाली, आपण वेगळे काही सांगितले नाही तर, बारीकसारीक नोंदी दहा दिवस ठेवते आणि मग पुसून टाकते. पुढे राहतात ते फक्त दर तासाचे आकडे: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी. मला हे पटले. माणसाचे मन तरी दुसरे काय करते?

मेच्या मध्याला चिरंजीवांनी मोठ्या अभिमानाने महिन्याचा आलेख दाखवला. रोजच्या सरासरीची एकेक रेघ होती. व्हरांड्याची सरासरी ३७ अंश, आईच्या खोलीचीही ३७. “म्हणजे आजीची खोली बाहेरच्या सावलीसारखीच आहे,” असा निष्कर्ष त्यांनी काढला. मीही मान डोलावली. आई तर रोज सकाळी विचारण्याआधीच सांगे, “छान झोप लागली.” आलेख आणि आई यांचे एकमत झाल्यावर शंका कोण काढणार?

मग एके दिवशी चिरंजीव तक्रार घेऊन आले. “बाबा, आजीच्या खोलीतला सेन्सर बिघडला. रात्री दीडच्या सुमारास दमटपणा एकदम २० टक्क्यांवरून ४५ वर जातो आणि पाऊण तासाने खाली येतो.” त्यांनी डबी बदलली. नव्या डबीनेही तेच दाखवले. मिनिटामिनिटाच्या आलेखात रोज रात्री तो उंचवटा उभा होता. तासाच्या सरासरीत तो दोन तासांत वाटला जाऊन बसका होई आणि दिवसाच्या सरासरीत तर पुसलाच जाई.

मिनिटांच्या आलेखात आणखीही एक गोष्ट दिसली. व्हरांडा दुपारी ४५ वर चढे आणि पहाटे २९ वर उतरे. आईची खोली दिवसा ३९ च्या वर जात नसे. पण रात्री ३५ च्या खाली येतही नसे. सरासरी दोघांची सारखीच! काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते ऊन आत पोचायला कित्येक तास घेतो. बाहेर गार वारा सुटतो, तेव्हा तो आत ते ओकत असतो. बारा वर्षांपूर्वी कवेलूंचे जुने घर पाडून हा स्लॅब मीच हौसेने घातला होता.

त्या रात्री मी जागा राहिलो. दीडला वर पाण्याचा आवाज आला, तसा जिना चढलो. आई लोट्याने फरशीवर पाणी शिंपडत होती. खिडकीवर तिचे ओले लुगडे पसरलेले होते.

“अगं, हे काय?”

“काही नाही बापा. थोडं गार वाटतं. तू का उठलास? सकाळी कॉलेज आहे ना?”

मे महिन्यात कॉलेजला सुट्टी असते, याचेही त्या वेळी तिला भान नव्हते. मला खरी भीती वाटली ती तेव्हा. उतारवयात घाम कमी येतो, तहान लवकर कळत नाही. दिवसाचा ताप शरीर सोसते ते रात्रीच्या विसाव्याच्या भरवशावर. ती रात्रही तापलेलीच राहिली, तर उष्माघात गाठतो आणि माणसाला स्वतःला ते कळतही नाही.

दुसऱ्याच दिवशी आईला खाली, कूलरच्या खोलीत आणले. गच्चीवर चुन्याचे दोन हात दिले. मोकळ्या खोलीत डबी तशीच ठेवली होती. आठवडाभरात तिथली रात्र तीन अंशांनी उतरली. ते दहा दिवस पुसले जाण्याआधी चिरंजीवांनी वेगळ्या फाइलीत उतरवून ठेवले. आता ते रोजच्या सरासरीबरोबर रात्रीच्या किमान तापमानाचीही रेघ काढतात.

आईचे सामान खाली आणताना सौ.ने कालनिर्णय काढले आणि ती थबकली. मेच्या पानावर पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या. मी म्हणालो, “दुधाचे खाडे असतील.” ती म्हणाली, “अहो, या महिन्यात खाडा एकच. फुल्या अकरा आहेत.”

आईला विचारले. “ज्या रात्री झोप लागली नाही, त्या. डॉक्टरांना सांगायला बरं म्हणून लिहून ठेवलं.”

“मग आम्हाला का नाही सांगितलंस?”

“तुझ्या घराला नाव कशाला ठेवू? आणि मी ‘झोप लागली’ म्हटलं की तू पेपर उघडायचास.”

मी काय बोलणार? ४२ लाख आकड्यांचा मनसुबा करणाऱ्या घरात दारामागची अकरा अक्षरे कोणी वाचली नव्हती. मी तर रोज त्या खोलीत जात होतो.

एक प्रश्न उरला होता. तिच्या नव्या खोलीत डबी लावायची की नाही? रात्री कोण किती वाजता उठते, हे भिंतीने टिपावे का? हे तिला न विचारता पहिल्यांदा केले, ते चुकलेच होते. या वेळी चिरंजीवांनी रीतसर विचारले, “आजी, लावू का?”

आई जरा वेळ त्या पांढऱ्या डबीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “लावा की. असू दे तो. पण सकाळी तूही विचारत जा.”